उपमा काढून टाकली तर काय उरते?

प्रश्न : अलंकार म्हणजे भाषेचे दागिने, असे शाळेत शिकवले गेले. मग संस्कृत महाकाव्यांत ते पदोपदी आल्याने मूळ कथा झाकली जात नाही का? आणि एकाच अक्षराचे श्लोक रचण्यात काव्य ते कोणते?

उत्तर : दागिना उतरवला तरी माणूस तोच राहतो, चांगल्या उपमेचे तसे नसते. कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या सहाव्या सर्गातील राजकन्या इंदुमतीचे स्वयंवर पाहा.

संचारिणी दीपशिखेव रात्रौ यं यं व्यतीयाय पतिंवरा सा ।
नरेन्द्रमार्गाट्ट इव प्रपेदे विवर्णभावं स स भूमिपालः ॥

रात्री चालती दीपशिखा पुढे सरकली की राजरस्त्याकडेचा वाडा जसा काळवंडतो, तसा इंदुमती ज्याला ज्याला ओलांडून गेली तो तो राजा निस्तेज झाला. येथे इंदुमतीला ज्योतीची आणि राजाला वाड्याची, अशा दोन उपमा आहेत आणि त्या एकमेकींवाचून उभ्या राहत नाहीत. ज्योत जवळ येताना वाडा उजळतो, हे कालिदासाने सांगितलेलेच नाही. तरीही ती समोर येताच प्रत्येकाचा चेहरा आशेने खुलला असणार, हे आपल्याला दिसते. 'विवर्णभाव' हा शब्दही विझलेल्या उजेडाला आणि उतरलेल्या चेहऱ्याला सारखाच लागू पडतो. उपमा वगळली, तर 'नाकारलेले राजे खट्टू झाले' एवढेच उरेल. याच श्लोकामुळे रसिकांनी कवीला 'दीपशिखा कालिदास' म्हटले, ते उगाच नव्हे.

आपली दुसरी शंका मात्र रास्त आहे. भारवी या कवीच्या 'किरातार्जुनीय' महाकाव्याच्या पंधराव्या सर्गात 'न नोननुन्नो नुन्नोनो' असा श्लोक आहे. शेवटचा 'त्' सोडला तर त्यात 'न'खेरीज व्यंजन नाही. पळणाऱ्या शिवगणांना कार्तिकेय धीर देत असल्याचा हा प्रसंग. पण श्लोकाचा अर्थ उलगडणाऱ्या टीकाकाराचे बोट धरल्याशिवाय धीराचा शब्द कानी पडत नाही. दरबारातील विद्वानांपुढे व्याकरणावरची हुकमत सिद्ध करण्याची ही रीत होती, आणि माघ कवीनेही 'शिशुपालवधा'च्या एकोणिसाव्या सर्गात तिचाच कित्ता गिरवला. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने यावर नेमकी कसोटी दिली : रसाच्या ओघात, वेगळा प्रयत्न न करता जो साधतो तोच ध्वनिकाव्यातला, म्हणजे सूचित अर्थ प्रधान असलेल्या काव्यातला, खरा अलंकार. या कसोटीला भारवीचा हा श्लोक उतरत नाही, असे माझे मत आहे. तेवढ्यावरून भारवीला मात्र निकालात काढू नये. पहिल्या सर्गात युधिष्ठिराला दुर्योधनाच्या कारभाराची खबर देणारा वनेचर (वनवासी हेर) आणि त्यावर उसळणारी द्रौपदी आधी वाचावी. पंधरावा सर्ग सवडीने, टीका हाताशी ठेवून पाहिला तरी चालेल.