आजीच्या देव्हाऱ्यातलं 1818 चं राम दरबार नाणं

आजीच्या देव्हाऱ्यातलं हे नाणं खरं आहे का, असं तुम्ही विचारलंय. तुमचे फोटो नीट पाहिले. तांब्याचं नाणं, एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता आणि पायाशी मारुती, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, 1818’. फोनवरचा माणूस याचे पाच लाख देतो म्हणतोय आणि आधी ‘नोंदणी’चे अडीच हजार मागतोय. ते अडीच हजार अजिबात भरू नका. असे प्रकार इतके झाले की ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं : जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात आम्ही पडत नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशनही कधी मागत नाही.

आता नाण्याचं. हे कंपनीने पाडलेलं नाही. 1818 म्हणजे पेशवाई बुडाली ते साल. आपल्याकडे तेव्हा व्यवहारात तांब्याची शिवराई होती, चांदीचे चांदवडी आणि अंकुशी रुपये होते. कंपनीच्या तीन इलाख्यांची (बंगाल, मद्रास, मुंबई) नाणी वेगवेगळी होती. सगळीकडे एकच नाणं चालवायचा कायदा 1835 चा. त्या नाण्यांतला तांब्याचा अर्धा आणा 200 ग्रेनचा, म्हणजे साधारण 12.95 ग्रॅमचा, आणि त्यावर कंपनीचं चिन्ह आहे, देव नाहीत. हाच राम दरबार मी 1616 आणि 1717 साल घातलेलाही हाताळलाय. 1616 मध्ये मुंबई पोर्तुगीजांची होती, कंपनीच्या हाती ती 1668 मध्ये आली!

‘परक्यांच्या नाण्यावर आपले देव येतीलच कसे’ असं वर एकाने लिहिलंय, ते मात्र बरोबर नाही. अकबराने राम-सीतेचं नाणं काढलं होतं आणि कंपनीच्याच मद्रासच्या पगोडा नावाच्या सोन्याच्या नाण्यांवर विष्णू आहे. त्यामुळे देव दिसले म्हणून नाणं खोटं ठरत नाही. इथे साल आणि मूल्य जुळत नाही, म्हणून ठरतं.

मग हे आहे काय? देवदर्शनाला गेलेल्या माणसाने आणून पूजेत ठेवायचं टोकन. या टोकनांना रामटंका म्हणतात. दक्षिणेतल्या जुन्या, सोन्या-चांदीच्या रामटंका संग्राहक आवडीने घेतात, पण त्यांची किंमत धातू, वय आणि घडणीवरून होते, छापलेल्या सालावरून नाही. तुमच्या टोकनाची अक्षरं ढोबळ आहेत, कडेला ओतकामाची शीर, म्हणजे साच्यात ओतताना उरलेली रेघ, दिसते. अशी मी प्रदर्शनांत पन्नास-शंभर रुपयांना विकली जाताना पाहिली आहेत. आणि कुणी ‘हे तांदूळ ओढतं, म्हणून कोटींचं’ म्हणाला तर त्याला घरातही घेऊ नका. तांदळाला लोहचूर्ण लावून ती करामत करतात.

खऱ्या नाण्यात केलेला बदल ओळखणं याहून अवघड. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया दुर्मिळ, 1938 चा सहज मिळतो. म्हणून 8 कोरून 9 करतात. मीही असा एक रुपया घेतला होता, चांगली रक्कम मोजून. घरी दहा पट भिंगाखाली पाहिलं तेव्हा शेवटच्या आकड्याभोवती बारीक ओरखडे दिसले, तिथली सपाट जागा बाकीच्या पृष्ठापेक्षा किंचित खोल गेलेली. विक्रेत्याने परत घेतला नाही. बदल केलेल्या नाण्याला दुर्मिळ नाण्याचा भाव मिळत नाहीच, मूळ नाण्याचाही धड मिळत नाही. माझ्या त्या रुपयाला चांदीच्या वजनाइतकेच पैसे येतील. तेव्हापासून सालाचा आकडा भिंगाखाली पाहिल्याशिवाय मी 1939 चा रुपया हातात धरत नाही.

तुमचं टोकन विकू नका, आजीने जिथे ठेवलं होतं तिथेच राहू द्या. मात्र तुम्ही लिहिलंय की हे टोकन ज्या डबीत होतं, त्याच डबीत चांदीचा एक काळवंडलेला तुकडाही आहे. तो चिंचेने किंवा राखेने घासू नका. सोनाराकडे नेऊन ग्रॅममध्ये वजन करून घ्या आणि दोन्ही बाजूंबरोबर कडेचाही फोटो इथे टाका. मला खरी उत्सुकता त्याची आहे.