वाचकांचे प्रश्न : गावातल्या रस्त्यावरच्या मोटार शर्यती का बंद पडल्या?

प्रश्न : आमच्या गावच्या यात्रेत दरवर्षी घोडागाड्यांची शर्यत रस्त्यावरच होते. यंदा काही तरुणांनी मोटारींचीही शर्यत घ्यावी असा आग्रह धरला आहे. रस्ता नवा, रुंद आणि सरळ आहे, युरोपात तर पूर्वी गावागावांतून अशा शर्यती होत असत, असे ते म्हणतात. मग तिकडे त्या बंद का झाल्या, हे कृपया सविस्तर सांगावे.
– एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : तरुण मंडळींनी दिलेला दाखला खरा आहे, परंतु तो अर्धाच आहे. मोटारींच्या पहिल्या शर्यती एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणाऱ्या रहदारीच्या रस्त्यांवरच झाल्या आणि त्या बंद पडल्या त्या माणसे मेल्यामुळे.

२४ मे १९०३ रोजी पॅरिसजवळच्या व्हर्सायहून माद्रिदकडे दोनशेहून अधिक वाहने निघाली. गाड्यांचे वजन ठरलेल्या मर्यादेत बसवण्यासाठी सांगाड्याला भोके पाडून तो हलका केलेला होता, इंजिने मात्र प्रचंड होती आणि पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. रस्ते डांबरी नसल्यामुळे पुढच्या गाडीने उडवलेली धूळ मागच्या चालकाच्या डोळ्यांसमोर भिंतीसारखी उभी राहत असे. रेनो कंपनीच्या संस्थापक बंधूंपैकी मार्सेल रेनो असाच धुळीच्या लोटात शिरून पुढची गाडी मागे टाकू पाहत होते, तेवढ्यात त्यांचे चाक रस्त्याकडेच्या चरात गेले. त्या अपघातातील जखमांनी दोन दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. दुसऱ्या एका स्पर्धकाच्या गाडीपुढे कुत्रे आले आणि गाडी झाडावर आदळली. त्यात त्याचा मेकॅनिक जागीच ठार झाला. लोकांना आवरायला सैनिक उभे केले होते, तरी माणसे गाडी अगदी जवळ येईपर्यंत रस्त्यातून हटत नसत. स्पर्धक आणि प्रेक्षक मिळून किमान आठ जणांचे प्राण गेल्यावर फ्रेंच सरकारने शर्यत बोर्दो येथेच थांबवली. पहिल्या आलेल्या फेर्नां गाब्रिएलचा सरासरी वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर होता, म्हणजे आज निपाणी ते बेळगाव हमरस्त्यावर सर्रास दिसणारा वेग.

आता ‘रस्ता सरळ आहे’ या मुद्द्याविषयी, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. इटलीतील ‘मिल्ले मिल्या’ ही शर्यत १९२७ पासून ब्रेशाहून रोमपर्यंत जाऊन परत ब्रेशाला येत असे, सुमारे १,६०० किलोमीटर, आणि तीही वस्तीवस्तीतून. १९३८ मध्ये बोलोन्या शहरात एक गाडी ट्रामच्या रुळांवरून उसळून गर्दीत घुसली आणि दहा प्रेक्षक ठार झाले, त्यांत लहान मुलेही होती. सरकारने बंदी घातली, १९३९ ची शर्यत झाली नाही. पण महायुद्ध संपल्यावर १९४७ मध्ये पुन्हा तसेच वस्तीतले रस्ते, तशीच गर्दी. १२ मे १९५७ रोजी अल्फोन्सो दे पोर्तागो यांची फेरारी ग्विदिझ्झोलो गावाजवळ ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असताना टायर फुटले. तिथे वळण नव्हते, घाट नव्हता. चांगला लांबलचक सरळ रस्ता होता आणि सरळ होता म्हणूनच चालकाने वेग पूर्ण वाढवलेला होता. गाडी रस्ता सोडून कडेच्या लोकांत गेली. चालक, त्याचा सहकारी एडमंड नेल्सन आणि नऊ प्रेक्षक मरण पावले. त्या नऊ जणांत पाच मुले होती. फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्यावर खटला भरला गेला आणि १९६१ मध्ये ते निर्दोष सुटले. रस्त्यावरची वेगाची शर्यत म्हणून मिल्ले मिल्या मात्र १९५७ मध्येच कायमची संपली.

घोडागाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर ती सेकंदाला ११ मीटर जाते; बाजूला उडी मारायला माणसाला थोडी तरी सवड मिळते. ताशी २०० किलोमीटरने येणारी मोटार सेकंदाला ५५ मीटर कापते. शिवाय वेग पाचपट झाला की तेवढ्याच वजनाची धडक पंचवीसपट जोराची होते, आणि मोटारीचे वजन गाडी-घोड्यापेक्षा जास्तच असते. यात्रेची गर्दी दोरी बांधून किंवा स्वयंसेवक उभे करून मागे राहील, असे मानणे मला धोक्याचे वाटते.

अमेरिकेत हाच अनुभव एका लहान गावाने घेतला. न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथे १९४८ पासून स्पोर्ट्स कारची शर्यत भर बाजारपेठेतून धावत होती. १९५२ मध्ये एका गाडीने रस्त्याच्या कडेला दाटीने बसलेल्या लोकांना घासत नेले. सात वर्षांचा एक मुलगा मरण पावला आणि बरेच लोक जखमी झाले. शर्यत गावाबाहेर गेली आणि १९५६ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र ट्रॅक बांधला गेला. गावाने शर्यत गमावली नाही, जागा बदलली.

प्रश्न : मग आजही रस्त्यांवर रॅली कशा होतात? त्यांना परवानगी कोण देते?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : रॅलीत वेगाचा टप्पा रहदारीला पूर्ण बंद केलेला असतो आणि गाड्या ठरावीक अंतराने एकेक करून सोडल्या जातात, त्यामुळे धुळीत शिरून दुसऱ्याला मागे टाकण्याचा प्रसंग सहसा येत नाही. धोका तरीही उरतोच. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटारींची शर्यत घेणे किंवा तीत भाग घेणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निपाणीच्या वाचकांनी हे कलम यात्रा समितीच्या बैठकीत अवश्य वाचून दाखवावे.