एक बाजू पुरे

सप्रेम आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. २१७ गाणी! सोबतचा निरोप त्याहून लांब. मैत्रीण नोकरीसाठी नागपूरला गेली, भाड्याची खोली आहे, रात्री झोप लागत नाही, ‘तुझी ती रात्रीची शांत गाणी पाठव ना’ म्हणाली आणि तेव्हापासून तू नुसती गाणी घालते-काढते आहेस. हे जुनाट वाटेल का, ते रडकं वाटेल का, अंगाई बघून ती हसेल का. शेवटी मला विचारलंस, ‘काका, यातली कुठली काढू?’

काढायचं कसलं विचारतेस? ठेवायची कुठली ते बघ. २१७ गाणी म्हणजे चौदा-पंधरा तास झाले. एवढी मोठी रात्र कुणाच्या वाट्याला येऊ नये. तिला एक बाजू दे. एकच.

एक बाजू म्हणजे ४५ मिनिटं, नव्वदच्या कॅसेटची अर्धी. उमेदीची वर्षं मी कॅसेट भरून देण्याच्या दुकानात काढली. लोक पाठकोऱ्या कागदावर गाणी लिहून आणायचे, आम्ही ती रेकॉर्डवरून भरून द्यायचो. (कायद्यात बसत नव्हतं, पण गल्लोगल्ली चालायचं. त्यावरून मला आता शिकवू नकोस.) कॅसेटच्या सुरुवातीला थोडी कोरी पट्टी असते, तिच्यावर आवाज उमटत नाही. चाकात पेन्सिल घालून ती पुढे सरकवायची आणि मगच सुई ठेवायची. नवा पोऱ्या हे विसरला की गाण्याचा पहिला शब्द गिळला जायचा. दुसरं टोक त्याहून वाईट. तिथे जागा संपली की गाणं भर अंतऱ्यात तुटायचं. म्हणून प्रत्येक गाण्याची मिनिटं-सेकंद मी एका लांबड्या वहीत लिहून ठेवी. गिऱ्हाईक म्हणे, ‘बसव की अजून एक.’ मी म्हणे, नाही बसत. मग ते समोरच्या दुकानात जाई. जाईना का! मालक चिडायचे, त्यांच्या जागी ते बरोबरही असतील, पण माझ्या हातून गाणं कापलं जाणार नव्हतं.

ती वही दुकान आवरताना रद्दीत गेली. त्यातली सगळी गाणी आज तुझ्या फोनवर मिळतील, तरी वहीची हळहळ काही जात नाही. असो.

बाजू संपली की बटण खट्कन वर यायचं, टेप बंद. ऐकणारा तोवर झोपला असेल तर उत्तम. जागा असेल तर त्याने उठून कॅसेट उलटायची, म्हणजे अजून ऐकायचं की नाही हे त्याचं तो ठरवणार. तुमच्या फोनला एवढी समज नाही. यादी संपली की तो स्वतःच्या मनाने पुढचं काहीतरी लावतो आणि रात्री दीड वाजता खोलीत ढोल वाजायला लागतात. म्हणून तिला आधी सांग, ऑटोप्ले बंद, शफलही बंद. यादीला शेवट पाहिजे. शेवट नसेल तर ती यादी कसली, गोदाम झालं.

आता क्रम. ‘मालवून टाक दीप’ तू पहिलं ठेवलंस. का, तर दिवा मालवायचाय म्हणून? पहिल्या गाण्याला माणूस पांघरूण सारखं करत असतो, घरच्या मेसेजला उत्तर देत असतो. लताबाईंचा तो आवाज त्या गडबडीत कशाला वाया घालवतेस? तिसरं-चौथं ठेव. पहिलं ‘शुक्रतारा, मंद वारा’. पाडगावकरांचं, खळ्यांचं, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांनी गायलेलं. सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे अर्धं लक्ष असलं तरी भागतं. मग तलत. ‘देख कबीरा रोया’मधलं (१९५७) ‘हम से आया न गया’, चाल मदनमोहनची, राग बागेश्री. बागेश्री रात्रीचाच. पण त्याला लागून तू ‘मन तडपत’ लावलंयस! मालकंसही रात्रीचा हे खरं, गाणं थोर हेही खरं, पण शेवटी रफीसाहेब वर चढतात तेव्हा झोपत आलेला माणूस उठून बसेल. ‘तरुण आहे रात्र अजुनी’चंही तेच. शब्द सुरेश भटांचे, चाल हृदयनाथांची, गळा आशाबाईंचा, पण जिला झोप येत नाही तिला ते डिवचणारच. तिला कधी दिवसा ऐकव.

आणि शेवटी ‘भय इथले संपत नाही’? अगं, परक्या गावातली खोली, एकटी मुलगी, आणि तिला कवी ग्रेसच्या हवाली करून तू निघून जाणार? तुझा हेतू कळतो मला. ग्रेस नागपूरचे, अमरावतीचे भटही पुढे नागपुरातच राहिले. तिला तिचं नवं गाव गाण्यातून भेटवायचं होतं तुला. गोड कल्पना आहे. पण मग ते मधे घाल, पाचवं-सहावं, म्हणजे पुढची गाणी तिला सावरतील. शेवटी अंगाईच. तू काढायला निघाली होतीस तीच, ‘नीज माझ्या नंदलाला’. हसली तर हसली, झोप तर लागेल.

यादीत काही इंग्रजी गाणी निव्वळ छाप पाडायला घातली आहेस, लगेच ओळखू येतात. ती तू कधी ऐकत नाहीस. तुझा तो तमिळ संगीतकार, इळैयाराजा, मात्र राहू दे. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण रात्री तुझ्या खोलीतून तोच ऐकू येतो, असं तुझी आई सांगत होती.

माझा भाऊ मस्कतला होता तेव्हा त्याला मी एक बाजू भरून पाठवली, दुसरी कोरी. त्याचं पत्र आलं, ‘टपालखर्च तेवढाच लागतो, दुसरी भरायला काय झालं होतं?’ मी कळवलं, ती तू भर. तिथे जे कानावर पडेल, आवडेल, ते भर. तो म्हणतो, रागाने त्याने तीवर रेडिओच्या बातम्या टेप केल्या. आजही विषय निघाला की घरातले सगळे त्याच्या बाजूने. मला हट्टी म्हणतात. म्हणोत बापडे. दोन्ही बाजू मीच भरल्या असत्या तर त्याच्याजवळ नुसती माझी गाणी राहिली असती. हे त्याला अजून पटलेलं नाही. तुझ्या मैत्रिणीची दुसरी बाजूही तिची तिला भरू दे.

यादीखाली खुलासे लिहू नकोस, ‘आवडलं नाही तर सांग हं’ असलं तर मुळीच नको. आणि आता ही मला पुन्हा तपासायला पाठवू नकोस. माझा हात आवरणार नाही आणि तिला माझीच आवड ऐकावी लागेल. थेट तिला पाठव.

तुझा,
काका

ता. क. – ४५ मिनिटांतली दोन-तीन उरली तर उरू देत. त्यात बसेल असं छोटं गाणं शोधत बसशील, मला माहीत आहे. शोधू नकोस.