स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस टाकलंय. मराठी पोस्टची लिंक टक्क्यांच्या चिन्हांनी भरते आणि अर्धवट तुटते. काय करावं?

बिघाड काही नाही. शीर्षकावरून बनणाऱ्या स्लगला (लिंकमधला पोस्टच्या नावाचा भाग) डेटाबेसमध्ये २०० अक्षरांचीच जागा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह लिंकमध्ये टक्क्यांच्या चिन्हांसकट ९ जागा खातं. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. नुसत्या 'कोकणातील' या शब्दाची ८ चिन्हं, म्हणजे ७२ जागा गेल्या! २२ चिन्हांनंतर कात्री लागते.

म्हणून पोस्ट प्रकाशित करण्याआधी एडिटरच्या उजव्या पट्टीत स्लग रोमन लिपीत हाताने टाका. तीन-चार शब्द पुरे. शीर्षक मराठीतच राहू द्या. प्रकाशित पोस्टचा स्लग बदललात तरी जुनी लिंक सहसा आपोआप नवीकडे वळते.

सेटिंग्जमधल्या पर्मालिंक्समध्ये (पोस्टच्या लिंकची रचना ठरवण्याची जागा) 'पोस्ट नेम' निवडा, तेही पहिल्याच दिवशी. त्यानंतर मुखपृष्ठ उघडतं पण प्रत्येक पोस्ट ४०४ (पान सापडलं नाही) दाखवते, असं झालं तर पोस्ट उडालेल्या नाहीत. अपाचे सर्व्हर असेल तर मॉड-रीराइट (लिंक योग्य पानाकडे वळवणारा अपाचेचा भाग) चालू आहे का आणि वर्डप्रेसला त्याचे नियम असलेली एचटीअ‍ॅक्सेस (.htaccess) फाइल लिहिता आली का, ते बघा. एनजिनएक्स हा दुसरा सर्व्हर ती फाइल वाचतच नाही. तिथे नियम सर्व्हरच्याच कॉन्फिगरेशनमध्ये घालावा लागतो.