टाकं, टाकी आणि 'तांक'

म्हापशाच्या एका शिक्षकांचा प्रश्न: 'आग्वाद किल्ल्यातल्या पाण्याच्या साठ्याला मुलं टाकी म्हणतात, पुस्तकात टाके आहे. बरोबर काय? आणि हा शब्द पोर्तुगीज तांकवरून आला, असं गोव्यात सर्रास सांगतात, ते खरं का?'

आग्वादचं ते टाकंच, लिहिताना टाके. नपुंसकलिंगी शब्द, एक टाके, अनेक टाकी. गच्चीवरची ती टाकी, अनेक टाक्या. मुरगावच्या तेलाच्याही टाक्याच. म्हणून 'गडावर सात टाकी आहेत' हे वाक्य शुद्ध आहे, मुलांना ते चुकलेलं वाटलं तरी.

दुसरा प्रश्न खरा मोलाचा. आग्वाद हे नावच पोर्तुगीज, पाण्याला ते 'आग्व' म्हणतात. किल्ला १६१२चा. जहाजं इथे गोडं पाणी भरून घेत. खांबांवर छत तोललेल्या त्या टाक्यात सुमारे २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी मावे, असं सांगतात. एवढं सगळं त्यांचं, तेव्हा शब्दही त्यांचाच असणार, असं वाटणं साहजिक आहे.

पण राजस्थानात, समुद्रापासून शेकडो कोस आत, पावसाचं पाणी साठवायच्या भुयारी हौदाला टांका म्हणतात. गुजरातीत टांकुं आहे. तिथवर हा शब्द पोर्तुगीजांनी नेला, हे मला पटत नाही. संस्कृतात टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी. तीच आपली टाकी, जिचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. शिवनेरीवरचं गंगा-जमुना टाकं जवळून पाहा. कातळात खोदलेलं आहे. टाकीने खोदलं ते टाकं, हा संबंध मला सर्वांत सरळ वाटतो.

पोर्तुगीज तांकचं मूळ त्यांचे कोशकार पाणी अडवणे या अर्थाच्या त्यांच्याच क्रियापदाशी जोडतात. दोन्ही शब्द इथे भेटले, अर्थ जुळला, आणि इंग्रजी टँकच्या घडणीत दोघांचाही हात असावा.

पिंप मात्र नक्की पोर्तुगीज, त्यांच्या 'पीप'वरून आलेलं. घमेलंही त्यांचंच. तेव्हा उसनं घेतलेलं मान्य करायला हरकत नाही, पण टाकं त्या यादीत घालू नका.

मुलांना एवढं जरूर दाखवा: कोंकणीत आजही 'टांकी' म्हणतात. मराठीच्या तोंडून गेलेला टंकातला अनुस्वार तिथे स्पष्ट ऐकू येतो.