सभासदांच्या पुस्तकांच्या पीडीएफ टेलिग्रामवर फिरतात, लेखक संघटना काय करू शकते?

निषेधाचा ठराव सोडून बरंच काही! पण आधी एक अडचण. भारतात तक्रार करायचा हक्क कॉपीराइटच्या मालकाला किंवा त्याच्याकडून अनन्य परवाना घेतलेल्याला असतो, संघटनेला नाही. म्हणून सही लेखकाचीच हवी, बाकी हमाली संघटनेने करावी.

पहिलं काम करार वाचून देण्याचं. हक्क प्रकाशकाला लिहून दिलेत का, हे अनेकांना आठवतही नसतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, म्हणजे हक्क कधीच परत आलेले असू शकतात.

मग तक्रारीचा तयार मसुदा. कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ नुसार लेखी तक्रार मिळाल्यावर लिंक साठवणाऱ्या कंपनीने ३६ तासांत ती बंद करायची असते. मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश दाखवला नाही तर ती पुन्हा सुरू होऊ शकते, आणि कोर्टात जाण्याची हमी तक्रारीतच द्यावी लागते. एकटा लेखक इथेच गळपटतो. संघटनेने वकील ठरवून ठेवला आणि खर्च वाटून घेतला, तर तो टिकतो.

चॅनेल चालवणारा निनावी असला तरी हात टेकू नका. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला अशांची माहिती उघड करायला लावली होती.

आणि हो, कॉपीराइटची नोंदणी नसली तरी हक्क असतोच. तारखेसह स्क्रीनशॉट मात्र आधी काढा, तक्रार नंतर.