ट्रेकिंगच्या बुटांवर क्रॅम्पॉन बसतात का, आणि ते नीट बसले आहेत हे कसे ओळखावे?

आपण सह्याद्रीत वापरलेले घोट्यापर्यंतचे ट्रेकिंगचे बूट घेऊन मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर (५२८९ मीटर) जाणार आहात आणि त्यांवर क्रॅम्पॉन (कडक बर्फावर पाय घसरू नये म्हणून बुटाखाली बांधायचे धातूचे दाते) चालतील का, असे विचारले आहे. माझ्या मते ते बूट पायथ्याच्या तळापर्यंतच ठेवावेत. क्रॅम्पॉनची निवड बुटाच्या मापापेक्षा त्याचा तळवा किती ताठ आहे आणि पुढे-मागे क्रॅम्पॉन अडकवण्यासाठी कडा आहेत की नाहीत, यावर ठरते. दोन्ही हातांनी सहज वाकणाऱ्या बुटाला ताठ क्रॅम्पॉन लावला, तर प्रत्येक पावलाला बूट वाकतो आणि लोखंड वाकत नाही. त्यामुळे पट्टे सैल होतात, टाच सुटते आणि कधी मधली जोडपट्टीही तुटते.

क्रॅम्पॉन बांधण्याच्या मुख्य पद्धती तीन आहेत. पुढे-मागे प्लास्टिकची खोबण असलेला, पूर्णपणे पट्ट्यांनी बांधायचा प्रकार कडा नसलेल्या पण बऱ्यापैकी ताठ बुटांना चालतो. दुसऱ्या प्रकारात पुढे खोबण आणि टाचेला खटका असतो. त्यासाठी बुटाच्या टाचेला कडा हवी. तिसऱ्यात पुढे जाड तारेची कमान आणि मागे खटका असतो, आणि तो केवळ दोन्हीकडे कडा असलेल्या, तळवा अजिबात न वाकणाऱ्या बुटांसाठी आहे. भाड्याने साहित्य घेताना बूट आणि क्रॅम्पॉन एकाच ठिकाणाहून, एकत्र लावून पाहूनच घ्यावेत.

बसवण्याचे काम घरीच, उजेडात करावे. मधल्या जोडपट्टीवरील स्प्रिंगची खीळ दाबून लांबी जुळवावी आणि डावा-उजवा दोन्ही स्वतंत्रपणे तपासावेत. सर्वांत पुढचे दाते बुटाच्या टोकापुढे साधारण दोन ते तीन सेंटिमीटर यावेत; तारेची कमान असल्यास ती पुढच्या किंवा मागच्या भोकात बसवून हे अंतर साधता येते. कमान बुटाच्या कडेला दोन्ही बाजूंनी सारखी टेकली पाहिजे. तिच्या मधोमध फट राहत असेल, तर त्या बुटाच्या टोकाचा आकार त्या क्रॅम्पॉनला जुळत नाही आणि पट्टा कितीही आवळला तरी ती उणीव भरून निघत नाही. टाचेचा खटका तळहाताचा जोर लावल्यावरच टक् करून बंद व्हावा. एका बोटाने मिटला तर त्याची उंची ठरवणारा स्क्रू फिरवून तो घट्ट करावा.

खरी परीक्षा पुढे आहे. पट्टे बांधण्याच्या प्रकारात पट्टे न आवळता, आणि खटक्याच्या प्रकारात घोट्याचा पट्टा मोकळा ठेवून बूट उचलावा व हलवावा. क्रॅम्पॉन गळून पडला नाही, तरच लांबी बरोबर आहे. पट्टा हा जास्तीची काळजी म्हणून असतो; सारा भार त्याच्यावर टाकू नये.

बर्फावर घालताना बुटाच्या तळव्यातला आणि कडांच्या खाचेतला बर्फ आधी झाडावा, नाहीतर खटका बंद झाल्यासारखा वाटतो आणि बर्फ वितळल्यावर सुटतो. बकल नेहमी पायाच्या बाहेरच्या बाजूला असावे, म्हणजे ते दुसऱ्या पायाच्या दात्यांत अडकत नाही. पट्ट्याचे शेपूट मात्र आत खोवावे आणि कापायचे झाल्यास जाड हातमोज्यांनी पकडता येईल इतके ठेवावे. दहा-पंधरा मिनिटे चालल्यावर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत. दुपारच्या ओल्या बर्फाचे गोळे दात्यांखाली साचू नयेत यासाठी तळाची प्लास्टिकची पत्री जागेवर आहे ना, हेही भाड्याने घेतानाच पाहावे. दुकानदार सहसा ती स्वतःहून लावून देत नाहीत.

उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या हिवाळी ट्रेकसाठी हा खटाटोप नको. तिथे बुटावर ताणून चढवायचे, रबरी पट्ट्याला लहान धातूचे दाते असलेले मायक्रोस्पाइक पुरतात, आणि त्यांना आपले सध्याचे बूट चालतील.